वैकल्पिक असंगजनन

एकाच वनस्पतीत काही बीजे लैंगिक मार्गाने आणि काही फलनाशिवाय तयार होणे, याला वैकल्पिक असंगजनन म्हणतात. कंद, धावती खोडे किंवा कलमे यांवाटे होणारी शाकीय उत्पत्ती येथे अभिप्रेत नाही. हान्स विंक्लर यांनी १९०८ मध्ये असंगजननाची जी व्याख्या केली, तिच्यात पेशी व केंद्रक यांच्या संयोगाविना होणारे सर्व प्रजनन सामावत होते. पंचानन माहेश्वरी यांच्या १९५० मधील वर्गीकरणातही शाकीय प्रकाराला स्थान आहे. पुढे बहुतेक भ्रूणवैज्ञानिकांनी ही संज्ञा बीजापुरती मर्यादित केली. तो वापर अधिक नेमका असल्याने येथेही तोच स्वीकारला आहे.

लैंगिक बीज तयार होताना बीजांडातील गुरुबीजुक-मातृपेशीचे न्यूनीकरण विभाजन (गुणसूत्रसंख्या निम्मी करणारे विभाजन) होते, अंडपेशीत गुणसूत्रे निम्मी उरतात आणि फलनानंतर संख्या पूर्ववत होते. असंगजनक बीजात हे दोन्ही टप्पे गळतात, त्यामुळे रोप आनुवंशिक दृष्ट्या मातेची प्रतिकृती असते. याचे मुख्य मार्ग तीन. मातृपेशीच न्यूनीकरणाशिवाय भ्रूणकोश, म्हणजे अंडपेशी धारण करणारा कोश, बनवते. शेजारची प्रदेहातील (भ्रूणकोशाभोवतीच्या ऊतीतील) एखादी पेशी भ्रूणकोश बनवते. किंवा भ्रूणकोशाला वगळून प्रदेहातील पेशीपासून थेट भ्रूण निघतो. तिसरा मार्ग लिंबूवर्गीय झाडांत व बहुभ्रूणी आंब्यात आढळतो. तेथे एकाच बीत लैंगिक भ्रूण आणि मातेसारखे भ्रूण शेजारी वाढतात आणि लैंगिक भ्रूण पुष्कळदा मागे पडतो. अनेक वनस्पतींत भ्रूण फलनाविना बनला तरी त्याला पोसणाऱ्या पुष्कासाठी परागाची गरज राहते, म्हणून परागण झाले एवढ्यावरून बीज लैंगिक ठरत नाही.

दोन्ही मार्ग एकमेकांपासून पूर्ण तुटलेले नसतात, हे ध्यानात घेणे फार महत्त्वाचे आहे. न्यूनीकरण टळलेल्या अंडपेशीचेही क्वचित फलन होते आणि संततीत गुणसूत्रसंच वाढतो. उलट न्यूनीकरण झालेली अंडपेशी फलनाविना वाढली तर तो घटतो. पोआ प्राटेन्सिस या गवतात हे सर्व प्रकार घडतात. त्यातील गुणसूत्रसंख्या सुमारे २८ पासून १४० च्या आसपासपर्यंत बदलते, त्याला ही घडण बऱ्याच अंशी कारण असावी.

लैंगिक व असंगजनक बीजांचे प्रमाण मोजणे अवघड आहे. पॅनिकम गटातील गवतांत असंगजनक भ्रूणकोशात सहसा चारच केंद्रके असतात, तर लैंगिक कोशात प्रारंभी आठ. त्यामुळे सूक्ष्मदर्शकाखाली फरक कळतो. पोआमध्ये दोन्ही कोश आठ केंद्रकांचे असल्याने ही खूण उपयोगी पडत नाही. २००० पासून बीजातील डीएनएचे प्रमाण मोजण्याची पद्धत रूढ झाली. लैंगिक बीजात भ्रूण व पुष्क यांचे प्रमाण २ : ३ येते, पोआसारख्या असंगजनक बीजात २ : ५. पॅनिकममध्ये मात्र ध्रुवीय केंद्रक, म्हणजे परागातील केंद्रकाशी मिळून पुष्क बनवणारे केंद्रक, एकच असल्याने असंगजनक बीजातही २ : ३ च मिळते. एका पद्धतीला जे दिसत नाही ते दुसरीला दिसते, म्हणून दोन्हींचा आधार घेणे इष्ट.

एका बीत अनेक भ्रूण असल्याचे लेव्हेनहूक यांनी लिंबूवर्गीय फळांत १७१९ मध्येच नोंदले होते. लंडनजवळच्या क्यू येथील वनस्पती उद्यानात ऑस्ट्रेलियातून आलेल्या एका झुडपाची केवळ मादी झाडे असूनही बी धरते, याकडे जॉन स्मिथ यांनी १८३९ मध्ये लक्ष वेधले. मेंडेल यांनी सूर्यफूल कुळातील हायरॅशियम या वनस्पतीवर केलेल्या संकरांचे निष्कर्ष वाटाण्याच्या उलट आले: पहिली पिढी विविध, पुढची मात्र स्थिर. त्याचा उलगडा त्यांच्या हयातीत झाला नाही. १९०३ मध्ये रॉन्क्येर व ऑस्टेनफेल्ड यांनी हायरॅशियमच्या कळ्यांचा वरचा भाग, म्हणजे परागकोश व कुक्षी, कापून टाकूनही बी धरते हे दाखवले.

उगमाविषयी एकमत नाही. अर्न्स्ट यांनी १९१८ मध्ये संकराला कारण मानले. बहुतेक असंगजनक वनस्पती बहुगुणित (दोनाहून अधिक गुणसूत्रसंच असलेल्या) असल्याने इतरांनी बहुगुणितता मूळ मानली; पण बोएचेरा प्रजातीत द्विगुणित असंगजनक वनस्पती आढळतात, त्यामुळे ती अनिवार्य अट दिसत नाही. कार्मन यांच्या १९९७ मधील मतानुसार वेगवेगळ्या पूर्वजांची जनुके एकत्र आल्याने बीजांडातील घटनांचा काळ जुळत नाही आणि काही टप्पे वगळले जातात. संकर व बहुगुणितता या दोहोंना सामावणारे हे मत आज अधिक समावेशक वाटते. डार्लिंग्टन यांनी असंगजननाला उत्क्रांतीचा बंद रस्ता मानले होते. क्लॉसन यांनी १९५४ मध्ये आंशिक असंगजनन हा समतोल आहे असे मांडले, आणि ‘पूर्ण असंगजनक’ समजल्या गेलेल्या अनेक वनस्पतींत अधूनमधून लैंगिक बीजे सापडल्याने तेच मत बळावते.

लैंगिक व असंगजनक बीजांचे प्रमाण परिस्थितीनुसारही बदलते. डायकँथियम अॅरिस्टेटम या गवतात दिवस मोठा असता लैंगिक भ्रूणकोशांचा वाटा वाढतो.

डँडेलियनमध्ये फलनाविना भ्रूण घडवणारे जनुक २०२२ मध्ये ओळखले गेले. त्याआधी २०१९ मध्ये भातात न्यूनीकरण टाळणारे बदल आणि अंडपेशीत भ्रूणनिर्मिती सुरू करणारे जनुक एकत्र आणून मातेची प्रतिकृती असलेली बीजे मिळवण्यात आली. ती काही अंशानेच होती. उरलेल्या बीजांत अंडपेशीचे फलन होऊन गुणसूत्रसंच दुप्पट झाला होता.