इलेक्ट्रोड, साबण आणि केळीची साल : आमच्या ग्राहकांसाठी माहिती

जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या कॉलेजांतून आणि तपासणी लॅबमधून पॉलिशसाठी येणारे ग्लासी कार्बन इलेक्ट्रोड (द्रावणातला पदार्थ करंटवरून मोजायच्या, काचेसारख्या कडक कार्बनच्या दांड्या) पुष्कळदा बिघडलेले नसतातच. त्यांवर साबण बसलेला असतो. बीकर लिक्विड सोपने धुतला आणि घाईत एकदाच विसळला, की तेवढं पुरतं.

साबण आणि लॅबमधली एसडीएस, सीटॅब ही रसायनं, हे सगळे सर्फॅक्टंट. यांच्या रेणूचं डोकं पाण्यात रमतं, शेपटीला पाणी नको असतं. ती कार्बनला चिकटते. बऱ्याच सेंद्रिय रेणूंना ऑक्सिडाइज होण्याआधी, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडण्याआधी, पृष्ठभागावर टेकावं लागतं, आणि तिथे एसटीत रुमाल टाकावा तशी साबणाने जागा आधीच धरलेली. मग पीक, म्हणजे व्होल्टेज वाढवत नेताना करंटच्या आलेखात येणारा उंचवटा, बुटका होतो, कधी जास्त व्होल्टेजकडे सरकतो.

हेच मुद्दाम केलं तर कामी येतं. केळीच्या सालीत डोपामिन भरपूर, त्यामुळे ते मोजायचा प्रोजेक्ट आपल्याकडे कुणी ना कुणी घेतंच. पण सोबत व्हिटॅमिन सी असतं आणि नुसत्या कार्बनवर दोघांचे पीक एकमेकांत मिसळतात. पीएच ७ ला डोपामिनवर धन भार असतो, व्हिटॅमिन सीवर ऋण. सीटॅबचा धन थर व्हिटॅमिन सीला जवळ ओढतो, ते कमी व्होल्टेजलाच ऑक्सिडाइज होतं. डोपामिन जास्त व्होल्टेजकडे सरकतं आणि पीक सुटे होतात. एसडीएसचा थर ऋण, म्हणून त्याचं उलट: डोपामिनचा पीक वाढतो, व्हिटॅमिन सीचा दबतो. डोपामिनच मोजायचं असेल तर आम्ही एसडीएस सुचवतो. ट्रायटन एक्स-१०० या आणखी एका सर्फॅक्टंटवर भारच नाही, तो प्रामुख्याने जागा अडवतो.

मात्र 'थोडं जास्त टाकू' नको. शुद्ध पाण्यात एसडीएस साधारण ८ मिलिमोलरला आणि सीटॅब ०.९ ला मायसेल (स्वतःच्याच रेणूंचे बारीक पुंजके) बांधू लागतात. बफरमधल्या क्षारांमुळे त्याहूनही आधी. रेणू मायसेलमध्ये शिरला की इलेक्ट्रोडपर्यंत सावकाश पोचतो आणि करंट उतरतो.

इलेक्ट्रोड साफ झाला का, हे पाहायला सगळे फेरिसायनाइड (ठरलेला पीक देणारं रसायन) वापरतात. त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. ते ऋणभारित आहे, त्यामुळे सीटॅब शिल्लक असला तरी पीक झकास दिसू शकतो!

डोपामिन मोजताना इलेक्ट्रोडवर बसणारा तपकिरी थर नुसता पुसून जात नाही. ०.०५ मायक्रॉन अ‍ॅल्युमिना, ओलं पॉलिशिंग कापड, आठच्या आकड्यासारखा हात, मग भरपूर डिस्टिल्ड पाणी. एवढं करूनही जमलं नाही तर आमच्याकडे पाठवा, शेवटी कोणता सर्फॅक्टंट वापरला ते चिठ्ठीवर लिहून.

आणि हो, थंडीत पारा उतरला की सीटॅबच्या द्रावणात पांढरे स्फटिक दिसतात. माल खराब नाही. बाटली कोमट पाण्यात ठेवा, सगळं विरघळल्यावरच पिपेट घाला.