औषधाची गोळी आणि रोजचे जेवण: आमच्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

डॉक्टरांच्या चिठ्ठीवर ‘उपाशीपोटी’ किंवा ‘जेवणानंतर’ एवढेच लिहिलेले असते आणि आम्हीही गोळ्यांच्या पाकिटावर तेवढेच लिहून देतो. संध्याकाळच्या गर्दीत त्यामागचे कारण सांगणे होत नाही, म्हणून हे पत्रक छापले आहे. बहुतेक औषधांच्या बाबतीत आवडीचा पदार्थ सोडावा लागत नाही, गोळी आणि तो पदार्थ यांच्यात काही तासांचे अंतर ठेवले की पुरते. काही मोजक्या औषधांना मात्र अंतराचा उपाय लागू पडत नाही. ती औषधे कोणती, हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

थायरॉइडसाठी दिली जाणारी लेव्होथायरॉक्सिनची गोळी सकाळी उपाशीपोटी साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि त्यानंतर अर्धा ते एक तास चहा, दूध, नाश्ता यांपैकी काहीही घेऊ नये. दूध नको म्हणून कोरी कॉफी चालेल, असा अनेकांचा समज असतो, परंतु बिनदुधाची कॉफीसुद्धा या औषधाचे शोषण कमी करते. कॅल्शियमची किंवा लोहाची गोळी चालू असेल, तर ती थायरॉइडच्या गोळीनंतर किमान ४ तासांनी घ्यावी. दोन्ही गोळ्या एकदम घेतल्यास त्या आतड्यात एकमेकींना धरून ठेवतात, औषध रक्तात पुरेसे पोहोचत नाही, आणि पुढच्या तपासणीत टीएसएच (थायरॉइड ग्रंथीला चालना देणारे संप्रेरक) वाढलेले दिसल्यावर कारण नसताना मात्रा वाढवली जाते.

लोहाच्या गोळीचे वैर चहाशी आहे. चहातील टॅनिन लोहाला बांधून टाकते, म्हणून गोळीच्या आधी व नंतर निदान तासभर चहा टाळावा. लिंबूपाणी किंवा आवळा सोबत घेतल्यास ‘क’ जीवनसत्त्वामुळे लोह अधिक शोषले जाते.

‘अँटिबायोटिक उष्ण पडते, दुधाबरोबर घे’ हा सल्ला आपल्याकडे घरोघरी दिला जातो. अमॉक्सिसिलिनच्या बाबतीत त्याने फारसे बिघडत नाही. सिप्रोफ्लॉक्सासिन आणि डॉक्सिसायक्लिन ही औषधे मात्र दूध, दही, ताक यांतील कॅल्शियमला आणि ॲसिडिटीच्या पातळ औषधांतील ॲल्युमिनियम व मॅग्नेशियमला चिकटतात, आणि मग जंतूंशी लढायला औषध कमी पडते. सिप्रोफ्लॉक्सासिन अशा पदार्थांच्या २ तास आधी किंवा ६ तास नंतर घ्यावे. डॉक्सिसायक्लिन पेलाभर पाण्याबरोबर घ्यावे आणि त्यानंतर अर्धा तास आडवे होऊ नये, कारण ही गोळी अन्ननलिकेत अडकली तर तेथे जखम होऊ शकते.

द्राक्षांचा हंगाम सुरू झाला की कोलेस्टेरॉलची गोळी घेणारे ग्राहक हमखास विचारतात, ‘आता द्राक्षे बंद करायची का?’ औषधाच्या पाकिटातील कागदावर ज्याची मनाई असते ते ग्रेपफ्रूट, म्हणजे पपनसाच्या कुळातले मोसंबीहून मोठे, कडवट फळ. निफाड-दिंडोरीच्या द्राक्षांचा त्याच्याशी संबंध नाही. मधुमेह असल्यास द्राक्षे बेताने खावीत, ती गोष्ट वेगळी. १९८९ च्या सुमारास कॅनडातील संशोधक डेव्हिड बेली यांनी एका प्रयोगात मद्याची चव लपवण्यासाठी ग्रेपफ्रूटचा रस वापरला, तेव्हा फेलोडिपिन या रक्तदाबाच्या औषधाचे रक्तातील प्रमाण अपेक्षेपेक्षा खूपच वाढलेले आढळले. काही औषधे मोडून काढणारे आतड्यातील एन्झाइम हे फळ निकामी करते आणि तो परिणाम एक दिवसाहून अधिक टिकतो. म्हणून फळ सकाळी आणि गोळी रात्री, ही युक्ती येथे चालत नाही. सिमव्हास्टॅटिन आणि ॲटोरव्हास्टॅटिन घेणाऱ्यांनी ग्रेपफ्रूट टाळावे आणि पपनसही टाळलेले बरे. रोसुव्हास्टॅटिनला ही अडचण नाही.

रक्त गोठू नये म्हणून वॉरफरिन किंवा ॲसिनोकुमारॉल घेणाऱ्यांनी पालक, मेथी, शेपू, कोथिंबीर यांकडे लक्ष द्यावे. पालेभाज्यांतील ‘के’ जीवनसत्त्व या औषधांच्या विरुद्ध काम करते. तरीही भाजी बंद करू नये. ती दर आठवड्याला साधारण सारख्याच प्रमाणात खावी, कारण आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो हे दाखवणारा आकडा) तपासून ठरवलेली मात्रा तुमच्या नेहमीच्या जेवणाला धरूनच ठरलेली असते. कोणी सांगितले म्हणून रोज पेलाभर पालकाचा रस सुरू करणे येथे खरोखर धोक्याचे आहे.

रक्तदाबासाठी किंवा हृदयविकारासाठी टेल्मिसार्टन, रामिप्रिल किंवा स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल, विशेषतः मूत्रपिंडाचा त्रास असेल, तर ‘लो सोडियम’ मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय वापरू नये. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम असते आणि ही औषधेही शरीरात पोटॅशियम साठवून ठेवतात. रोज नारळपाणी पिणाऱ्यांनीही हे डॉक्टरांच्या कानावर घालावे.

उपवासाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक वाटते. श्रावणातील तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी उपाशीपोटी करणारे अनेक मधुमेही असतात. ग्लिमेपिराइड किंवा ग्लिक्लाझाइड घेऊन न जेवता एवढे चालल्यास साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे होत. एकट्या मेटफॉर्मिनमुळे साखर सहसा इतकी उतरत नाही, मात्र रिकाम्या पोटी ते मळमळ व जुलाब करते. त्या दिवशी कोणती गोळी घ्यायची आणि कोणती गाळायची, हे आधीच डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे आणि खिशात ग्लुकोजची पुडी ठेवावी. ज्यांना व्होग्लिबोज चालू आहे त्यांनी साखर किंवा पेढा नव्हे, ग्लुकोजच घ्यावे, कारण हे औषध साखरेचे पचन लांबवते. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षे घेणाऱ्यांचे बी-१२ कमी होऊ शकते. शाकाहारी व्यक्तींनी ते अधूनमधून तपासून घ्यावे.

पाहुण्यांना घेऊन वाइनरीत जाण्याचा बेत असेल आणि मेट्रोनिडाझोल या जंतुसंसर्गावरील औषधाचा कोर्स चालू असेल, तर मद्य कटाक्षाने टाळावे. कोर्स संपल्यावरही ३ दिवस थांबावे. उलट्या, चेहरा लाल होणे आणि धडधड असा त्रास होऊ शकतो.

काढे आणि चूर्णेही या हिशेबात धरावीत. ज्येष्ठमध रोज बऱ्याच प्रमाणात घेतल्यास रक्तदाब वाढतो व पोटॅशियम घटते. इसबगोल आणि इतर गोळ्या यांच्यात दोन तासांचे अंतर असावे. हे पत्रक वाचून कोणतेही औषध स्वतःहून बंद करू नये किंवा त्याची मात्रा बदलू नये. दुकानात येताना घरातील सर्व गोळ्या, चूर्णे आणि प्रोटीन पावडरचे डबेही पिशवीत घालून आणावेत. दुपारी गर्दी कमी असते, त्या वेळी फार्मासिस्ट ते पाहून दिवसभराचे वेळापत्रक मोठ्या अक्षरांत लिहून देतात. त्याचे शुल्क आकारले जात नाही.