जंगलाचं गेट बंद असलं तर? कुटुंबासह निघण्याआधी आमच्या ग्राहकांसाठी

गाडी ठरवायला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो. "भाऊ, वाघ दिसेल ना?" आम्ही उलट विचारतो, तारीख कोणती, वार कोणता आणि गेट कोणतं? वाघ दिसणं वाघाच्या मर्जीवर. गेट उघडं आहे का, हे मात्र आधी विचारता येतं, आणि पहाटे उठवून आणलेल्या लेकरांना घेऊन बंद फाटकासमोर उभं राहण्याची पाळी टाळता येते.

आमचा नागपुरातला गाड्या भाड्याने देण्याचा छोटा व्यवसाय आहे. पेंच, ताडोबा, उमरेड-कऱ्हांडला, बोर या वाटांवर आमच्या गाड्या वर्षभर असतात. त्यावरून सांगतो, सगळी सहल एका गेटवर टांगू नका. दुसरा बेत पहिल्याच दिवशी ठरवा आणि तो घरातल्या लहानग्यांनाही सांगून ठेवा.

ठरलेल्या सुट्ट्या

ताडोबा आणि पेंच या दोन्ही व्याघ्र प्रकल्पांचा कोअर, म्हणजे आतला गाभ्याचा भाग पावसाळ्यात, १ जुलै ते ३० सप्टेंबर, पर्यटकांसाठी बंद असतो. पोळा, तान्हा पोळा, मारबत, गणपती हे सगळं त्या तीन महिन्यांत येतं. नेमक्या याच सुट्ट्यांत घरची मंडळी एकत्र जमतात आणि आम्हाला जंगलासाठी फोन येतात. या दिवसांत बफरमधली, म्हणजे कोअरभोवतालच्या पट्ट्यातली, काही गेटं चालू असतात, पण तिथला रस्ता पावसावर अवलंबून. कालचं उघडं गेट आज उघडंच असेल, असं धरून चालू नका.

पावसाळ्यात जंगल बंद का ठेवतात, हे मुलं हमखास विचारतात. आतले रस्ते मातीचे. एका जोरदार सरीनंतर जिप्सीचं, म्हणजे सफारीच्या उघड्या गाडीचं, चाक रुतलं की वाट उखडते, आणि ती वाट हेच वनरक्षकांचं गस्तीचं साधन. नाले कधी भरून येतील याचा नेम नसतो. झाडोरा इतका दाटतो की दहा हातांवरचं जनावर दिसत नाही. शिवाय पिल्लांचे, अंड्यांचे, नव्या गवताचे हे दिवस. वर्षाचे नऊ महिने गाड्यांचा आवाज ऐकणाऱ्या जंगलाला तीन महिने निवांत मिळतात. आमचा धंदा या दिवसांत मंदावतो, तरी ही सुट्टी हवीच असं आम्हाला मनापासून वाटतं.

आठवड्याची सुट्टीही लक्षात ठेवा. ताडोब्याचा कोअर दर मंगळवारी बंद असतो. मध्य प्रदेशातल्या पेंचमध्ये बुधवारी दुपारची फेरी नसते. इथेच एक घोळ वारंवार होतो. पेंच नावाची जंगलं दोन राज्यांत आहेत. सिल्लारी, चोरबाहुली, खुर्सापार, कोलितमारा ही गेटं महाराष्ट्रात, तर खवासावरून पुढे लागणारं तुरिया गेट मध्य प्रदेशात, सिवनी जिल्ह्यात. नदी एक, नाव एक, पण वनखाती दोन आणि बुकिंगही वेगवेगळं. तुरियाचं तिकीट सिल्लारीला चालत नाही. बुकिंगची पावती आम्हाला आधी पाठवा. गेटचं नाव वाचूनच आम्ही ड्रायव्हरला निघायची वेळ सांगतो.

ऐन वेळी बंद पडलं तर

याची तारीख कुठल्याच कॅलेंडरात नसते. जूनच्या शेवटच्या आठवड्यात मोठा पाऊस झाला की १ जुलैआधीच वाटा बंद होतात. परतीचा पाऊस लांबला तर १ ऑक्टोबरला सगळ्याच वाटा खुल्या होतील असं नाही. उन्हाळ्यात वणवा लागला की त्या भागातल्या फेऱ्या थांबतात. देशभरातली व्याघ्रगणना २००६ पासून दर चार वर्षांनी होते. त्या काळात कर्मचारी पायी फिरून खुणा नोंदवतात, तेव्हा काही वाटांवर पर्यटन थांबवलं जाऊ शकतं. बुद्ध पौर्णिमेला पाणवठ्यांवर मचाणावरून प्राणी मोजतात, म्हणून त्या सुमारास बुकिंग करताना आधी चौकशी करा.

काही वर्षांपूर्वीचा आमचाच अनुभव सांगतो. मृग सरत आला होता. आजी-आजोबा, आई-वडील आणि सात वर्षांचा नातू असं एक कुटुंब पेंचच्या सकाळच्या फेरीसाठी निघालं. तिकीट हाती होतं. रात्रभर पाऊस पडला होता, तरी आम्ही आदल्या संध्याकाळची चौकशी पुरेशी मानली आणि पहाटे पुन्हा फोन केला नाही. गेटवर पोचल्यावर कळलं की आतल्या नाल्याला पाणी आलंय, फेरी रद्द. चूक आमची होती. नातवाचा चेहरा पाहवत नव्हता. गळ्यात मामाने दिलेली दुर्बीण, आणि समोर आडवा बांबू.

ड्रायव्हरने गाडी मागे घेतली आणि पाच मिनिटांवर एका शेताच्या बांधाजवळ थांबवली. आजीने डबा उघडला, तिखट पुऱ्या आणि कैरीचं लोणचं. पोरगं रुसून बांधावर उकिडवं बसलं होतं. बसल्या बसल्या त्याला ओल्या मातीत काहीतरी लाल हलताना दिसलं. मृगाचा किडा. मखमलीचा तुकडा कातरून सोडावा तसा. बोट लावलं की पाय पोटाशी घेऊन गप्प, क्षणभराने पुन्हा चालू. त्याने दुर्बीण उलटी धरून तो किडा पाहिला, मग आजोबांना बोलावलं, आणि पाऊण तास दोघं गुडघ्यांवर बसून किडे शोधत होते. पहिल्या पावसानंतर थोडेच दिवस तो वर येतो, हे आजोबांनी त्याला तिथेच सांगितलं.

तो दिवस निभावला, पण आमच्या हुशारीमुळे नाही. त्यानंतर आम्ही दोन नियम केले. पावसाच्या दिवसांत निघण्याच्या तासभर आधी पुन्हा चौकशी करायची, आणि प्रत्येक बुकिंगवर दुसरा बेत लिहून घ्यायचा.

दुसरा बेत कुठला?

पेंचच्या वाटेवर निघालेल्यांची सोय सगळ्यात चांगली, कारण जबलपूर रस्त्यावर मनसर आणि रामटेक आधीच लागतात. रामटेक नागपूरहून सुमारे ५० किलोमीटर. गडमंदिर, पायथ्याचा अंबाळा तलाव, बाजूला कपूर बावडी. पावसाळ्यात गड हिरवा होतो आणि ढग इतके खाली येतात की मुलांना हात लावावासा वाटतो. वर माकडं आहेत. प्लास्टिकची पिशवी दिसली की ती खाण्याचीच असं त्यांचं गणित, तेव्हा प्रसाद, बिस्किटं आणि आजींचा चष्मा सांभाळा. गुडघे दुखणाऱ्यांना पायऱ्या चढवू नका, गाडी बरीच वरपर्यंत जाते.

मनसरला वाकाटक या प्राचीन राजघराण्याच्या काळातल्या विटांच्या बांधकामाचे अवशेष आहेत, आणि रामटेकजवळचं नगरधन म्हणजे वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन. नगरधनचा किल्ला आटोपशीर आहे. दीड हजार वर्षांपूर्वी इथून राज्य चालायचं, एवढं सांगून मुलांना तटावरून फिरवलं तरी तास कसा जातो कळत नाही. खिंडसी तलावावर नौकाविहार असतो. बोट कितीही छोटी असो आणि पाणी कितीही शांत वाटो, लाइफ जॅकेट घातल्याशिवाय बसू नका. आमचा ड्रायव्हर याबाबत आग्रह धरेल, त्याचा राग मानू नका. धबधबा किंवा तलाव दिसला की पाण्यात उतरायची घाई होते. दरवर्षी नागपूरच्या आसपासच्या तलावांत तरुण पोरं बुडतात. अनोळखी पाण्यात आम्ही कुणालाच उतरू देत नाही.

नवेगाव खैरीचं धरणही त्याच बाजूला. नागपूरकरांच्या नळाला येणाऱ्या पाण्याचा मोठा वाटा इथूनच येतो. धरणाकडे पाहत मुलांना हे सांगा. सकाळी ज्या पाण्याने दात घासले ते पेंच नदीचं, आणि ती नदी वाघाच्या जंगलातून वाहत येते. फेरी चुकली तरी जंगलाशी आपला धागा केवढा जवळचा आहे, हे त्यांना इथे पटकन समजतं.

थंडीत मुक्कामाला थांबणार असाल तर रात्रीचं आकाश पाहा. महाराष्ट्रातलं पेंच जानेवारी २०२४ मध्ये देशातलं पहिलं डार्क स्काय पार्क ठरलं. सिल्लारीजवळच्या वाघोडा परिसरात दुर्बिणीतून तारे पाहण्याची सोय केली आहे, आणि आजूबाजूच्या गावांत दिव्यांचा उजेड वर जाणार नाही अशी व्यवस्था केली आहे. त्यासाठी अमावस्येच्या आसपासचे दिवस निवडा. पौर्णिमेला चांदणं छान, पण तारे फिके. ढगाळ महिन्यांत हा बेत ठेवू नका.

महामार्ग ४४ वर, दोन राज्यांच्या सीमेजवळ, रस्ता उंच उचलून खाली प्राण्यांसाठी वाट मोकळी ठेवली आहे. तिथून जाताना ड्रायव्हर मुलांना सांगतो, "वरून आपण, खालून वाघ." त्या पुलांवर गाडी थांबवता येणार नाही, कितीही आग्रह केला तरी.

ताडोब्याच्या बाजूचं नियोजन जरा अवघड, कारण अंतर मोठं. कोलारा गेट नागपूरहून सुमारे ११० किलोमीटर, मोहर्ली गेट त्याहून दूर. तिथे पोचून गेट बंद निघालं तर दिवस हातचा जातो, म्हणून या बाजूला मुक्कामाशिवाय जाऊ नये असं आमचं मत आहे. मुक्काम असला की सकाळची फेरी हुकली तरी दुपारची किंवा बफरची विचारता येते. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेलं ताडोबा हे राज्यातलं सगळ्यात जुनं, त्यामुळे गर्दीही तशीच.

आजी-आजोबांना जास्त चालवत नसेल तर वर्धा बाजू उत्तम. सेवाग्राम आश्रमात सगळं सपाट, झाडांची सावली आहे, १९३६ पासूनच्या कुट्या आहेत. तिथून पवनारला धाम नदीकाठी संध्याकाळ. बोर अभयारण्यही त्याच दिशेला, तोही व्याघ्र प्रकल्पच.

शहरातच थांबायचं ठरलं तर गोरेवाडा प्राणिसंग्रहालय, रमण विज्ञान केंद्र, अजब बंगला हे जुनं वस्तुसंग्रहालय आहेतच. त्यांनाही साप्ताहिक सुट्टी असू शकते, निघण्याआधी एकदा विचारा. डिसेंबर-जानेवारीत मात्र आमची पसंती हुरड्याला. कोवळी ज्वारी, शेंगदाण्याची चटणी, दही, आणि मुलांना पळायला मोकळं शेत. त्याला गेट नाही आणि तिकीटही नाही.

सोबत काय, आणि किती वाजता

मे महिन्यात पाणवठ्यावर वाघ दिसण्याची शक्यता चांगली असते, पण त्याच दिवसांत पारा ४५ च्या आसपास जातो. नवतपात, म्हणजे मेअखेरच्या कडक उन्हाच्या नऊ दिवसांत, लहान मुलं आणि सत्तरीपुढची माणसं सोबत असतील तर फक्त सकाळची फेरी घ्या. दुपारी उघड्या जिप्सीत बसवू नका. ओला दुपट्टा, पन्हं किंवा ताक आणि लागेल त्यापेक्षा जास्त पाणी घ्या. थंडीत उलटी तऱ्हा. पहाटे जिप्सी चालू लागली की वारा हाडात शिरतो. नागपुरात घराबाहेर पडताना वाटते त्यापेक्षा दुप्पट थंडी धरा. घरची एक जुनी चादर गाडीत टाका, ती सगळ्यात आधी बाहेर निघते.

फेरीत फोन न्यायला बंदी आहे असं गृहीत धरूनच निघा. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस उमरेड-कऱ्हांडल्यात पर्यटकांच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या पिल्लांची वाट अडवल्याचा प्रकार घडला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली आणि त्यानंतर नियम कडक झाले. आमच्या ग्राहकांनी ड्रायव्हरला किंवा गाइडला "आणखी पुढे घ्या" म्हणू नये, ही आमची कळकळीची विनंती आहे. पिल्लं घाबरली की आईपासून फुटतात.

पैसे आणि बुकिंग

सफारीचं बुकिंग वनविभागाच्या अधिकृत संकेतस्थळावरूनच करा. त्याच्यासारखी दिसणारी खोटी संकेतस्थळं असतात. शंका आली तर पैसे भरण्याआधी आम्हाला दाखवा, त्याचे आम्ही काही घेत नाही. एका जिप्सीत सहा पर्यटक बसतात. तिकिटावरचं प्रत्येक नाव ओळखपत्राशी जुळलं पाहिजे, आणि मूळ ओळखपत्र सोबत हवं. ऐन वेळी काकांऐवजी मामा आले तर गेटवर अडचण होते. फेरी वनविभागाने रद्द केली तर काय आणि तुम्ही रद्द केली तर काय, हे दोन्ही नियम बुकिंग करतानाच वाचून ठेवा.

आमच्या गाडीपुरतं सांगतो. वनविभागाने गेट बंद ठेवल्यामुळे तुम्ही निघण्याआधी बेत रद्द केला तर आम्ही आगाऊ रक्कम पूर्ण परत करतो. अर्ध्या वाटेवर कळलं आणि तुम्ही दुसऱ्या बेताला वळलात तर गाडी जेवढी धावली तेवढ्याच किलोमीटरचे पैसे. थांबण्याचा आकार त्या दिवशी लावत नाही.

निघण्याच्या आदल्या दिवशी संध्याकाळी आमचा फोन येईल, आणि पावसाळी दिवस असेल तर पहाटे पुन्हा एकदा. तो उचला. त्या वेळी दुसरा बेत कोणता लिहिलाय, हे घरात एकाला तरी पाठ असू द्या. आणि डबा दोन्ही बेतांत चालेल असा भरा.