टेबलटॉप रोलप्लेइंग गेम : टिकणं आणि ओसरणं

टेबलटॉप रोलप्लेइंग गेम म्हणजे चारपाच जणांनी टेबलाभोवती बसून तोंडी रचलेली गोष्ट, एकजण गेम मास्टर होऊन जग उभं करतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि डाव साधला की फसला ते फासे ठरवतात. सुरुवात १९७४ची, गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांच्या डन्जन्स अँड ड्रॅगन्सपासून, पहिली छपाई फक्त १००० प्रतींची.

गंमत अशी की हा खेळ ज्या कारणाने टिकतो त्याच कारणाने प्रकाशक बुडतो. नियमांचं पुस्तक एकदा घेतलं की झालं, सर्व्हर बंद पडायची भीती नाही, १९७७चा ट्रॅव्हलर हा गेम आजही तसाच खेळता येतो, त्यात पाचजणांच्या टेबलावर खर्च बहुतेक वेळा एकटा गेम मास्टरच करतो. मग विकायचं काय? ९०च्या दशकात डन्जन्स अँड ड्रॅगन्स काढणाऱ्या टीएसआर कंपनीने रेव्हनलॉफ्ट, डार्क सन, प्लेनस्केप अशी जगांमागून जगं काढली, एका जगाचा खेळाडू दुसऱ्याची पुस्तकं घेईना, म्हणजे आपलंच गिऱ्हाईक आपणच वाटून टाकलं, वर न खपलेला माल परत आला आणि १९९७ला विझर्ड्स ऑफ द कोस्टने कंपनी विकत घेतली. विझर्ड्सचा पैसा कुठला, तर १९९३च्या मॅजिक पत्त्यांचा, ज्यात गिऱ्हाईक पाकिटं घेतच राहतं!

८०च्या दशकात अमेरिकेत हा खेळ सैतानपूजा शिकवतो अशी ओरड झाली, त्यातून उलट फुकटची जाहिरातच झाली. खरा फटका व्हिडिओ गेम्सचा, २००४ला वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट हा ऑनलाइन गेम आल्यावर तर जमवाजमव न करता रोज रात्री ग्रुप मिळायला लागला. बाकी टेबल मोडतं ते नोकरी, लग्न, पोरंबाळं यापायी, सगळ्यांना एकच संध्याकाळ मोकळी मिळत नाही, आणि "खेळ मेला" म्हणणाऱ्याचा बऱ्याचदा स्वतःचा ग्रुप फुटलेला असतो.

डन्जन्स अँड ड्रॅगन्सची २००८ची चौथी एडिशन बऱ्याच जुन्या खेळाडूंना पटली नाही, पण २०००च्या ओपन गेम लायसन्समुळे जुने नियम कुणालाही वापरता येत होते, त्यावरच २००९ला पाथफाइंडर हा वेगळा गेम उभा राहिला. पुढे २०१४ची पाचवी एडिशन सोपी निघाली, २०१५पासून क्रिटिकल रोल या ऑनलाइन शोमुळे लोक दुसऱ्यांचा खेळ तासन्‌तास बघायला लागले, आणि लॉकडाऊनमध्ये टेबलं रोल२०सारख्या साइटवर हलली. २०२३ला विझर्ड्सने ते ओपन गेम लायसन्स आवळायचा प्रयत्न केला, खेळाडू इतके भडकले की माघार घेऊन पाचव्या एडिशनच्या नियमांचा गाभा क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या लायसन्सखाली मोकळा करावा लागला, आणि तो आता परत घेता येत नाही.