फ्लॉवर ओव्हनपर्यंत कसा पोचला

फ्लॉवर ही जुनी भाजी, पण लसूण आणि थाइम-रोजमेरी हे सुगंधी पाले लावून तो ओव्हनमध्ये खरपूस भाजण्याची घरगुती रीत त्या मानाने अगदी अलीकडची. मधली कित्येक शतकं युरोपात तो बहुतेक उकडूनच खाल्ला गेला.

बाराव्या शतकात सेव्हिलमध्ये राहणाऱ्या इब्न अल-अव्वाम या शेतीतज्ज्ञाने आपल्या अरबी ग्रंथात फ्लॉवरची नोंद केली आहे. इंग्लंडमध्ये तो १५९७ मध्ये जॉन जेरार्डच्या वनस्पतिग्रंथात दिसतो. फ्रान्समध्ये पंधराव्या लुईच्या मर्जीतल्या मादाम द्यू बारीचं नाव फ्लॉवरच्या मलईदार सूपला मिळालं. युरोपात त्याचं कौतुक होतं ते त्याच्या पांढऱ्या रंगाचं. उन्हाने गड्डा पिवळा पडू नये म्हणून शेतकरी त्याचीच पानं वर दुमडून बांधतात, आपल्याकडेही बांधतात. इतक्या जपलेल्या रंगावर मुद्दाम करपट डाग कोण पाडणार? माझ्या मते, तो उकडून वर पांढरा सॉस ओतण्याची चाल इतकी टिकली त्याचं एक कारण हेच असावं.

उकडण्याने नुकसान मात्र होतं. फ्लॉवर कोबीच्या कुळातला. जास्त वेळ शिजला की त्यातली गंधकयुक्त द्रव्यं मोकळी होतात आणि घरभर तो ओळखीचा उग्र वास सुटतो. शिवाय या भाजीत नव्वद टक्क्यांहून जास्त पाणी असतं. दोनशे-सव्वादोनशे अंशांच्या कोरड्या आचेत ते पाणी उडतं, कडा तपकिरी होतात आणि बदामासारखी गोडसर चव येते. या तपकिरी रंगामागची रासायनिक क्रिया लुई-कामिय मायार या फ्रेंच शास्त्रज्ञाने १९१२ मध्ये मांडली.

लेबनॉन, सीरिया, पॅलेस्टाईन या भागातल्या स्वयंपाकघरांना ती चव आधीपासून माहीत होती. तिथे फ्लॉवरचे तुरे तेलात लालसर तळून तीळकुटाच्या ताहिनीबरोबर खातात, मकलूबाच्या भातातही घालतात. तेल अवीवच्या एयाल शानी या शेफने अख्खा गड्डा आधी मिठाच्या पाण्यात उकळून, ऑलिव्ह तेल चोळून कडक आचेत भाजला आणि तो पदार्थ जगभर गाजला.

भारतात फ्लॉवर १८२२ मध्ये सहारनपूरच्या कंपनी बागेत आला. युरोपातल्या वाणांना गड्डा धरायला थंडी लागते. इथल्या शेतकऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या बी निवडत उष्ण हवेत गड्डा धरणारे वाण तयार केले, त्यात इंग्लंडच्या कॉर्नवॉलकडच्या जातींचा वाटा मोठा मानतात. हे देशी गड्डे थोडे पिवळसर, सैल आणि वासाला तिखट असतात. भाजायला मला तेच आवडतात, कारण मोकळ्या तुऱ्यांना कडा जास्त आणि कडांनाच रंग चढतो.

ओव्हन घरी नसला तरी भाजण्याची कला आपल्याकडे होतीच. सीकेपी घरांतलं कोबीचं भानोळं वर-खाली निखारे ठेवून होत असे. रायगडातली पोपटी तर भांबुर्ड्याच्या पाल्याच्या वासावरच उभी आहे. मडक्यात वालाच्या शेंगा, बटाटे, पाला, आणि बाहेरून जाळ.

ओव्हनमध्ये करताना दोन गोष्टी सांभाळायच्या. किडीसाठी तुरे मिठाच्या कोमट पाण्यात ठेवले असतील, तर नंतर पंच्याने पुसून अगदी कोरडे करायचे आणि ट्रेमध्ये सुटे मांडायचे. दाटीवाटी झाली की ते भाजले न जाता वाफेवर शिजतात. लसूण बारीक चिरून सुरुवातीलाच घातला तर तुऱ्यांना रंग यायच्या आत काळा आणि कडू होतो. म्हणून पाकळ्या सालीसकट टाकायच्या आणि शेवटी दाबून आतला मऊ गर तुऱ्यांना चोळायचा. थाइम नसेल तर चिमूटभर ओवा हातावर चुरडून घाला. दोन्हींच्या वासामागे थायमॉल हे एकच द्रव्य आहे.