घरासमोर ‘नो पार्किंग’ची पाटी लागली? हरकत कोणाकडे, कशी घ्यायची

सकाळी पोदेर, म्हणजे आमच्या गोव्यातला पाववाला, आला तेव्हा रस्ता होता तसाच होता, दुपारी जेवून बाहेर बघतो तर आमच्या फणसाखाली नवीकोरी ‘नो पार्किंग’ची पाटी, बुडाचं सिमेंट अजून ओलं. वाड्यावर, म्हणजे आमच्या वस्तीत, लगेच चर्चा सुरू, पंचायतीच्या पंचाला फोन केला तर पंच म्हणतो पोलिसांनी लावली, पोलीस म्हणतात वरून ऑर्डर आहे, आणि ‘वर’ म्हणजे कुठे ते कोणी सांगेना. पुढचे चार महिने त्यात गेले, त्यातून जे कळलं ते लिहितोय, कोणाच्या तरी उपयोगी पडेल.

आधी एक कडू गोष्ट. सरकारी रस्त्यावर गाडी लावायचा हक्क असा कोणाला नसतो, घर समोर असलं तरी नाही, आजोबांच्या काळापासून लावतोय म्हणून तर अजिबात नाही. त्यामुळे ‘आमची जागा आमच्याकडून काढून घेतली’ असा अर्ज दिला की तो तिथेच संपला. अर्ज चालतो तो दोनच गोष्टींवर, एक म्हणजे ऑर्डरमध्ये काय लिहिलंय आणि जाग्यावर काय केलंय यातला फरक, आणि दुसरं म्हणजे बंदीचा हेतू कमी त्रासात साधेल असा पर्याय तुम्ही देताय का.

म्हणून पहिलं काम ऑर्डर मिळवणं. गोव्यात पार्किंगच्या बंदीची अधिसूचना जिल्हा दंडाधिकारी काढतात, म्हणजे आपले कलेक्टरच, मोटार वाहन कायदा १९८८ खाली. त्यात साधारण ११२, ११५, ११६, ११७ ही कलमं असतात आणि खाली तक्ता, कुठून कुठपर्यंत, कुठली बाजू, किती पाट्या. ती राजपत्रात येते, राजपत्र दर गुरुवारी निघतं आणि सरकारी छापखान्याच्या वेबसाइटवर फुकट बघता येतं. उत्तर गोव्याचं ऑफिस पणजीला, दक्षिणेचं मडगावला. फोंड्यावाल्यांनी लक्षात ठेवा, तालुका २०१५ पासून दक्षिणेत आहे, सवयीने पणजीला जाऊन रांगेत उभे राहू नका.

ऑर्डर सापडतच नसेल तर माहिती हक्काचा अर्ज टाका, फी १० रुपये, उत्तराची मुदत ३० दिवस. फक्त ‘ऑर्डरची प्रत द्या’ एवढंच मागू नका, सोबत ट्रॅफिक पोलिसांचा रिपोर्ट, जागेच्या पाहणीचा कागद आणि पंचायतीने किंवा पालिकेने दिलेलं पत्र हेही मागा. हे शेवटचं फार महत्त्वाचं, कारण कलम ११७ मध्ये गाड्या कुठे उभ्या करायच्या ते स्थानिक संस्थेशी सल्लामसलत करून ठरवायचं असं सरळ लिहिलंय, आणि तो सल्ला कागदावर झालाच नसेल तर तुमच्या अर्जातला सगळ्यात जड मुद्दा तोच.

जत्रा, शिगम्याची मिरवणूक, रस्त्याचं काम अशा वेळची तात्पुरती बंदी वेगळी. कलम ११५ खालची बंदी महिनाभराच्या आतली असेल तर राजपत्राची गरज नाही, स्थानिक पातळीवर जाहीर केली की झालं. त्यावर हरकत घेत बसू नका, अर्ज वाचला जाईपर्यंत मिरवणूक घरी गेलेली असते.

आता हरकत कोण घेऊ शकतो. यासाठी पात्रतेची अशी काही यादी नाही. घरमालक, भाडेकरू, दुकानदार, सोसायटी, कोणीही. गाडी असलीच पाहिजे असंही नाही, आमच्यात सगळ्यात जोरदार अर्ज होता तो एका आजींचा, त्यांच्याकडे सायकलसुद्धा नाही, पण आठवड्यातून दोनदा डायलिसिसला नेणारी रिक्षा दारात थांबायला हवी होती. ठरलेला फॉर्मही नाही, साध्या कागदावर लिहा. मराठीत लिहिलं तरी चालतं, १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा असली तरी मराठी सरकारी कामाला वापरायची सोय आहे, मी मराठीतच दिला.

मुदतीबद्दल एक घोटाळा सगळीकडे ऐकू येतो, ‘३० दिवसांत हरकत नाही घेतली तर संपलं’. ते टीसीपीच्या, म्हणजे नगर नियोजन खात्याच्या, जमिनीच्या झोन बदलाच्या, त्या कलम ३९ए वाल्या प्रकरणातलं आहे. मोटार वाहन कायद्याच्या या कलमांत हरकतींसाठी अशी मुदतच दिलेली नाही. पण म्हणून सहा महिने झोपू नका, उशीर केला की ‘इतके दिवस त्रास नव्हता का’ हा प्रश्न येतोच. ज्याला आदेश काढायचा अधिकार आहे त्याला तो बदलायचा आणि रद्द करायचाही आहे, हे जनरल क्लॉजेस कायद्याच्या कलम २१ मध्ये आहे. एवढं एक वाक्य अर्जात टाका, मग ‘आता नोटिफाय झालं, काही होत नाही’ म्हणणाऱ्याला उत्तर मिळतं.

कागदपत्रं म्हणाल तर राजपत्राच्या पानाची प्रत, पत्त्यासाठी आधार किंवा मतदार कार्ड आणि घरपट्टीची पावती किंवा वीज बिल, भाडेकरू असाल तर करारपत्र, गाडी असेल तर आरसी, सोसायटी असेल तर ठरावाची प्रत. आजारपण किंवा अपंगत्वाचा मुद्दा असेल तर त्याचे कागद. हे सगळं सोपं आहे, कोणीही जोडतं.

अर्ज खरा उभा राहतो तो नकाशावर आणि फोटोंवर. आम्ही रविवारी पहाटे सुताराचा टेप घेऊन रस्ता मोजला, शेजारच्या बाबाने एक टोक धरलं, मी दुसरं, मध्ये कुत्रा बसलेला, तो हलेना. ऑर्डरमध्ये बंदी होती खांबापासून वळणापर्यंत एका बाजूला, आणि पाटी निघाली वळणाच्या पुढे बावीस मीटर, वर बाण दोन्हीकडे! म्हणजे आमचा निम्मा वाडा ऑर्डरमध्ये नव्हताच. हे भांडून कधीच कळलं नसतं. फोटो काढताना पाटी, तिच्यामागचं घर आणि ऑर्डरमध्ये लिहिलेली खूण एकाच फ्रेममध्ये येईल असं बघा, आणि वेगवेगळ्या वेळेला काढा, सकाळी शाळेची बस येते तेव्हा, दुपारी, रात्री दहाला. गर्दी जर फक्त सकाळीच असेल तर तुमचा पर्याय तिथेच तयार आहे, चोवीस तासांऐवजी ठरावीक वेळेपुरती बंदी मागा.

अर्जातलं मागणं असं लिहा: ‘सदर बंदी सकाळी ८ ते १० पुरती ठेवावी, विहिरीच्या बाजूला एका रांगेत चारचाकी उभ्या करू द्याव्यात, आणि पाटी अधिसूचनेतल्या ठिकाणी हलवावी.’ नुसतं ‘बंदी रद्द करा’ लिहिलं की हो किंवा नाही एवढंच उत्तर देता येतं, आणि ते बहुतेक नाहीच येतं. आणि वळणावर, गेटसमोर, ॲम्ब्युलन्स अडेल अशा जागी लावायची मागणी तर करूच नका, पाटी नसली तरी तिथे लावणं चूकच आहे.

मूळ अर्ज कलेक्टर ऑफिसात, प्रती ट्रॅफिक सेलला, पंचायतीला किंवा पालिकेला आणि रस्ता त्यांचा असेल तर साबांखाला, म्हणजे सार्वजनिक बांधकाम खात्याला. प्रत्येक ठिकाणी आपल्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि इनवर्ड नंबर घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. एका ऑफिसात मला ‘ठेवून जा, नंतर नंबर देतो’ म्हणाले, मी भला माणूस, ठेवून आलो, तीन आठवड्यांनी तो कागद त्यांनी कधी बघितलाच नव्हता. पंचायत भागात असाल तर ग्रामसभेत विषय मांडून ठराव करून घ्या, त्या ठरावाची प्रत शंभर सह्यांपेक्षा जास्त काम करते. सह्यांना मी नको म्हणत नाही, पण चतुर्थीला गावी आलेल्या मुंबईच्या पाहुण्यांच्या सह्या घेऊ नका, पत्ता तपासला की सगळाच अर्ज हलका होतो.

अर्ज दिला म्हणून बंदी थांबत नाही हे नीट समजून घ्या. पाटी आहे तोवर चलन होऊ शकतं, पहिल्यांदा ५००, पुन्हा सापडलात तर १५००, वर गाडी उचलून नेली तर तो खर्च वेगळा. हाय कोर्ट पर्वरीला आहे, रिट करता येते, पण वकिलाची फी आणि एका गल्लीची पार्किंग यांचा हिशेब आधी घरी बसून करा.

आमचं काय झालं? पाहणीला दोन माणसं आली, टेप आमचाच वापरला, आणि दीड महिन्याने पाटी ऑर्डरमधल्या जागी गेली. वेळ कमी करायचं मागणं अजून पेंडिंग आहे. जुना खांब मात्र फणसाखाली तसाच उभा, वर पाटी नाही काही नाही, परवा रात्री एकाने स्कूटर रिव्हर्स घेताना त्याला ठोकली. आता तो काढायचा अर्ज लिहितोय, हा साबांखाला.