शिकाऊ जादूगार हसवतो कसा: विनोदी फँटसी आणि फँटसीचं विडंबन

एप्रिल महिना, घोडबंदर रोडवरची सात मजली सोसायटी, आणि टँकर दोन दिवस आलेला नाही. तळमजल्यावरच्या म्हाताऱ्या जादूगाराचा शिकाऊ पोरगा, बंड्या, गुरुजी देवळात गेलेत हे बघून पंपावर मंत्र टाकतो: ‘टाकी भरेपर्यंत थांबू नकोस.’ मंत्र अजिबात चुकत नाही. गच्चीवरची टाकी भरते. मग पंप पुढची टाकी शोधायला लागतो. फ्लशची टाकी ही टाकी. सिंटेक्सची रिकामी टाकी ही टाकी. स्कूटरची पेट्रोलची टाकी, तीही टाकीच. संध्याकाळपर्यंत पार्किंगमधल्या अठरा गाड्यांत पिण्याचं स्वच्छ पाणी भरलेलं असतं. तिकडे तलावपाळीवर लोक कठड्याला टेकून बघत असतात, मासुंदा तलाव वीतभर खाली कसा गेला म्हणून. आणि सेक्रेटरी विचारतात, हे पाणी मेंटेनन्समध्ये धरायचं की पार्किंग चार्जमध्ये?

आता तीच सोसायटी, तोच बंड्या, पण पुस्तक दुसरं. बंड्याच्या कपाळावर जन्मखूण आहे, आकार शेअर रिक्षाचा. भविष्यवाणी सांगते की सातव्या मजल्यावरचा सातवा मुलगा जगाला वाचवेल. पण लिफ्ट कायमची बंद असल्यामुळे सातव्या मजल्यावर कोणी राहायलाच तयार नाही. पांढऱ्या दाढीचे गुरुजी कोड्यात बोलतात, मुख्य गुपित सांगायला तोंड उघडतात आणि नेमके तेव्हाच मरतात. मरता मरता एवढं मात्र स्पष्ट सांगतात की उरलेलं दुसऱ्या भागात.

हसू दोन्हीकडे येतं. पहिला प्रकार विनोदी फँटसीचा, दुसरा फँटसीच्या विडंबनाचा. मुखपृष्ठावर दोन्हीकडे टोकदार टोपी, धूर आणि घाबरलेला पोरगा असतो, म्हणून दुकानात, लायब्ररीत आणि वाचकांच्या बोलण्यातही दोन्हींची सरमिसळ होते. फरक हसू कुठून येतं याचा आहे. पहिल्यात ते गोष्टीच्या आतून येतं: मंत्राला नियम आहे, बंड्याला तो अर्धाच माहीत आहे, पुढचं सगळं त्या अर्धवट ज्ञानाचं फळ. दुसऱ्यात हसू तुमच्या आठवणीतून येतं. निवडलेला नायक, जन्मखूण, भविष्यवाणी, मरणारा गुरू हे तुम्ही आधी चार ठिकाणी वाचलेलं असेल तरच. ज्याने यातलं काही वाचलेलं नाही त्याला दुसरा बंड्या फक्त विचित्र वाटेल. पहिला बंड्या मात्र पंप लावणाऱ्या वॉचमनलाही कळेल, कदाचित आपल्यापेक्षा चांगला.

अर्धा मंत्र येणारा चेला ही कल्पना फार जुनी आहे. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ल्युशियन या ग्रीकमध्ये लिहिणाऱ्या लेखकाने ती सांगितली. त्याच्या गोष्टीतला युक्रॅटिस इजिप्तच्या पॅनक्रॅटिस या जादूगाराबरोबर फिरत असतो. गुरू मुसळाला कपडे चढवतो, मंत्र म्हणतो, आणि मुसळ नोकरासारखं पाणी भरतं. चेला अंधारात लपून तो तीन अक्षरी मंत्र ऐकतो. सुरू करायचा मंत्र मिळाला, थांबवायचा नाही. घरात पाण्याचा लोट, चेला कुऱ्हाडीने मुसळाचे दोन तुकडे करतो, आणि आता दोन मुसळं पाणी भरतात. १७९७ मध्ये जर्मन कवी गटेने या गोष्टीवर कविता केली तेव्हा मुसळाच्या जागी केरसुणी आली. पुढे १८९७ मध्ये पॉल द्युकाने तिचं संगीत केलं आणि १९४० मध्ये डिस्नेने त्या संगीतावर मिकी माउसला चेला केलं. मुसळापासून केरसुणीपर्यंतचा प्रवास बघता ‘मुसळ केरात’ हा वाक्प्रचार या कथेसाठीच घडवला असावा असं वाटतं. तसं अर्थातच नाही.

यात खिल्ली कोणाचीच नाही. जादूच्या गोष्टींची टिंगल करायची म्हणून मुसळ दुप्पट होत नाही. तुकडाही मुसळच असतो म्हणून होतं. विनोदी फँटसीचा कणा हाच. जादू काटेकोर असते, माणूस ढिसाळ. दोन्ही ढिसाळ असले की काहीही होऊ शकतं, आणि जिथे काहीही होऊ शकतं तिथे हसायला फार काही उरत नाही.

शिकाऊ पात्र इतकं आवडतं त्याचंही कारण इथेच सापडतं. वाचकाला त्या जगाचे नियम माहीत नसतात आणि चेल्यालाही नसतात, त्यामुळे लेखकाला पानभर माहिती ओतावी लागत नाही. चेला चुकतो आणि त्या चुकीतून वाचक नियम शिकतो. रॉबर्ट ॲस्प्रिनच्या १९७८ मध्ये आलेल्या ‘अनदर फाइन मिथ’ या कादंबरीत स्कीव्ह नावाचा पोरगा सुरुवातीला मेणबत्ती पेटवायची विद्या शिकतोय, आणि तीही जमत नाही. खरं तर त्याला चोर व्हायचंय. त्याला जरब बसावी म्हणून गुरू एका भयंकर प्राण्याला बोलावतो, आणि त्याच गडबडीत गुरूवर मारेकऱ्याचा बाण येतो. मागे उरतो आहज नावाचा तो हिरवा, खवल्यांचा, तिरसट प्राणी. तो गुरूचा जुना मित्र आणि पट्टीचा जादूगार निघतो, पण गुरूने केलेल्या थट्टेत त्याची शक्तीच गेलेली. म्हणजे सगळी विद्या ज्याच्या डोक्यात आहे त्याच्या हातात काही नाही, आणि ज्याच्या हातात थोडंफार आहे त्याच्या डोक्यात काही नाही. ही जोडी लेखकाला विनोद रोजच्या रोज पुरवते. कारखान्यात नवा अप्रेंटिस आणि हात थरथरायला लागलेला जुना फिटर एकाच मशीनवर उभे केले तर काय होईल, तेच.

विडंबनातला चेला वेगळं काम करतो. तो शिकत नाही. त्याने शिकायचं नसतंच. त्याने आपल्या डोळ्यांसमोर त्या साच्याचा मुखवटा धरायचा असतो. हार्वर्ड लॅम्पून या विद्यार्थी मासिकाच्या मंडळींनी १९६९ मध्ये ‘बोअर्ड ऑफ द रिंग्ज’ हे टॉल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ या महाकादंबरीचं विडंबन काढलं. त्यात पात्रांची नावं फ्रिटो, पेप्सी, मॉक्सी अशी आहेत. फ्रिटो हे नाव मका चिप्सवरून आलंय, पेप्सी आपल्याला माहीत आहे. मॉक्सी हेही अमेरिकेतलं एक शीतपेय आहे, पण कोपरखैरणेतल्या वाचकाला ते विचारलं तर तो औषधाचं नाव समजेल. विडंबन असं शिळं होतं. मूळ ग्रंथ टिकला तरी आजूबाजूचे संदर्भ गळून पडतात आणि दर चार ओळींमागे एक विनोद मुका होत जातो.

याचा अर्थ विडंबन हलकं, असा मात्र कोणी काढू नये. डायना विन जोन्स यांचं १९९६ चं ‘द टफ गाइड टू फँटसीलँड’ हे पर्यटकांच्या मार्गदर्शिकेसारखं रचलेलं पुस्तक सगळ्या फँटसी कादंबऱ्यांच्या सवयी एकत्र पकडतं. त्या देशात जेवायला जवळजवळ सगळीकडे स्ट्यूच मिळतो, घोडे कितीही दौडले तरी थकत नाहीत. एकाच पुस्तकाची नव्हे तर अख्ख्या प्रकाराची खिल्ली असल्यामुळे ते लवकर शिळं होत नाही. पण तिथेही अट तीच: हातून पाच-सहा जाडजूड फँटसी कादंबऱ्या गेलेल्या असाव्यात. नाहीतर स्ट्यू हा नुसता स्ट्यू.

मराठी वाचकाला ही भेदरेषा परकी नाही. अत्र्यांची १९२५ ची ‘झेंडूची फुले’ पूर्ण चवीने वाचायची तर ज्या कवितांची टर उडवली आहे त्या कानात असाव्या लागतात. उलट गडकऱ्यांच्या बाळकरामातल्या ठकीचं लग्न जमवण्याची धडपड समजायला आधी काहीही वाचावं लागत नाही. घरात लग्नाचं माणूस असलं की पुरे. गडकरी रंगायतनवरून रोज जाणाऱ्या ठाणेकराने ती आवर्जून वाचावी. विनोद ‘आतून’ येतो म्हणजे काय, हे तिथे जितकं पटकन दिसतं तितकं व्याख्यांनी दिसत नाही.

आता खरी गुंतागुंत. बरीच पुस्तकं एका डब्यातून निघून दुसऱ्या डब्यात उतरतात. टेरी प्रॅचेटच्या एकेचाळीस कादंबऱ्यांच्या डिस्कवर्ल्ड मालिकेचा पहिला भाग १९८३ चा. त्यात रिन्सविंड हा जादूच्या विद्यापीठातून हाकललेला जादूगार आहे, ज्याच्या डोक्यात एकच बलाढ्य मंत्र अडकून बसलाय. ते पुस्तक बरंचसं विडंबन आहे: तलवारबहाद्दर जोडगोळी, ड्रॅगनवर स्वार होणारी माणसं, सगळं आधीच्या लेखकांकडून उचलून उलटं टांगलेलं. १९८७ मध्ये आलेल्या चौथ्या भागात, ‘मॉर्ट’मध्ये, खुद्द मृत्यू एका हडकुळ्या पोराला उमेदवारीवर ठेवतो. पोरगा दयेपोटी एका राजकन्येचा जीव वाचवतो. पण ती मेली हे जगाने आधीच धरून ठेवलेलं असतं. ती जिवंत समोर उभी असते आणि नोकरचाकर तिला पुन्हा पुन्हा विसरतात. हे मजेदार आहे आणि अंगावर काटा आणणारंही, आणि यासाठी दुसरं एकही पुस्तक वाचलेलं असण्याची गरज नाही. पहिला भाग वाचून ‘हा लेखक आपल्यासाठी नाही’ म्हणणाऱ्यांनी बहुतेक वेळा विडंबनाला कंटाळून विनोदी फँटसी सोडून दिलेली असते. या मालिकेची सुरुवात ‘मॉर्ट’पासून केली तरी काही बिघडत नाही.

पुस्तक कुठल्या जातीचं हे ओळखायला पहिली तीस पानं पुरतात. एक चिठ्ठी घ्यायची (लायब्ररीच्या पुस्तकावर पेन्सिल चालवायची नाही, ठाण्याचं मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ पासून आहे, थोडा मान ठेवावा) आणि प्रत्येक हशाला एक खूण करायची. याच पुस्तकातल्या गोष्टीमुळे हसू आलं तर ‘आ’, दुसरं काही आठवून आलं तर ‘बा’. दहापैकी सात ‘बा’ निघाले तर विडंबन. ‘आ’ जास्त असतील तर दुसरी खात्री करायची: जादूची किंमत कोण मोजतंय? विनोदी फँटसीत कोणीतरी मोजतंच, पेट्रोलच्या टाकीत पाणी गेलेला स्कूटरवाला तरी. विडंबनात पुढच्या प्रकरणाला गाडी पुन्हा सुरू झालेली असते.

फसगत दोन्ही बाजूंनी होते. दहा-बारा वर्षांच्या मुलाला कोणी विडंबन देतं, कारण ‘पातळ आहे, विनोदी आहे’. मूळ माहीत नसल्याने तो ते सरळ गोष्ट म्हणून वाचतो आणि विचारतो, गुरुजी असे मध्येच का मेले? त्याला आधी साधी गोष्ट द्यावी, विडंबन दोन वर्षांनी. आणि ज्याला कोपरखळ्यांची सवय आहे त्याला विनोदी फँटसीची पहिली पन्नास पानं संथ वाटतात, कारण तिथे नियम पेरण्याचं काम चाललेलं असतं. त्याने ऐंशीव्या पानापर्यंत कळ काढावी. ठाणे–वाशी लोकलचा साधारण अर्धा तास धरला तर जाऊन-येऊन दीड-दोन दिवसांचं काम, सीट मिळाली तर.

हे लिहू पाहणाऱ्यांसाठी हिशोब जरा कडक आहे. विनोदी फँटसीत एका मंत्राच्या तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: तो काय करतो, काय अजिबात करू शकत नाही, आणि किंमत काय. पहिल्या वापरात तो उपयोगी पडावा, दुसऱ्यात लाज काढावी, तिसऱ्यात नुकसान करावं, आणि सुटका त्याच नियमातून व्हावी. बंड्याच्या पंपाला थांबवायला शेवटच्या प्रकरणात नवा मंत्र आणला की पुस्तक तिथेच पंक्चर. त्यापेक्षा सेक्रेटरींनी प्रत्येक टाकीवर रंगाने ‘हौद’ लिहून घ्यावं. चेला मठ्ठही नको. तो वाचकाच्या अर्धं पाऊल मागे हवा, दोन पावलं मागे गेला की कीव येते आणि हसू जातं. विडंबनाचं दुखणं लांबीचं. ओळखण्याचा आनंद प्रत्येक साच्याला एकदाच मिळतो, म्हणून जे वीस पानांत झकास जमतं ते तीनशे पानांत रेटलं की दमतं.

मराठीत आणताना आणखी एक गंमत होते. ॲस्प्रिनकडे ‘डीमन’ या राक्षस अर्थाच्या इंग्रजी शब्दाची फोड ‘दुसऱ्या मितीतून (डायमेन्शनमधून) आलेला प्रवासी’ अशी केली आहे, आणि ती श्लेष म्हणून आपल्याकडे मरते. अशा वेळी तळटीप देऊन विनोद पुरू नये. मितीतून मितीत फिरतो तो ‘मितिचर’; गावकऱ्यांनी ते ‘निशाचर’ ऐकलं आणि दगड उचलले, एवढं केलं की काम होतं. उलट मराठीकडे जे आहे ते इंग्रजीकडे नाही: अहो आणि अरे. शक्ती गेलेल्या गुरूला चेला किती प्रकरणं ‘अहो’ म्हणतो, आणि पहिल्यांदा जीभ घसरून ‘अरे थांब!’ कधी ओरडतो, ती जागा मूळ पुस्तकात नसते. अनुवादकाने ती शोधावी लागते, आणि बहुतेकदा ती पाणी गुडघ्यापर्यंत आल्यावर सापडते.